वेदनेची वंशावळ

बदलीच्या गावी जाणारा मराठी नोकरदार बरोबर काय काय नेतो, याची कोणी यादी केली तर ती मोठी मनोरंजक होईल. जड सामान मागे राहते, मुलांची पुस्तके दर बदलीला थोडी थोडी गळतात; परंतु ट्रंकेच्या तळाशी, देवांच्या टाकांशेजारी ठेवलेला वंशावळीचा कागद सहसा हरवत नाही. म्हैसुरास येऊन स्थिरावलेल्या आमच्यासारख्या कित्येक घरांत असा एखादा कागद आहे. त्यावर गोत्र असते, कुलदैवत असते, कोणा पूर्वजास मिळालेल्या इनामाचा उल्लेख असतो, दत्तक गेलेल्यांच्या नावांपुढे खूण असते आणि ज्यांचा वंश खुंटला त्यांच्या नावाखाली रेघ ओढलेली असते. नसते ते एवढेच, की यांपैकी कोणाचे काय दुखत होते. मुलींची नावे तर त्यावर नसतातच. लहानपणी गेलेली मुलेही नसतात. म्हणजे शरीराचा वारसा ज्या वाटांनी चालतो त्यांपैकी निम्म्या वाटा आमच्या वंशावळींनी मुळातच पुसून टाकलेल्या आहेत.

वस्तुतः दुखणे वंशातून उतरते ही कल्पना आमच्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रोगांचे सात वर्ग केलेले आहेत व त्यांतील पहिलाच वर्ग ‘आदिबलप्रवृत्त’, म्हणजे शुक्रशोणिताच्या दोषातून आलेल्या रोगांचा आहे. त्याचेही मातृज व पितृज असे दोन भेद सांगितले आहेत. आईकडून येणारा वारसा ग्रंथकार विसरलेला नाही, हे विशेष. परंतु उदाहरणे दिली आहेत ती कुष्ठाची व अर्शाची. वर्षानुवर्षे अंगभर ठणकणाऱ्या, आज गुडघ्यात तर उद्या पाठीत उठणाऱ्या दुखण्याचा वंशेतिहास जुळविण्याचे काम विसाव्या शतकावर येऊन पडले. आणि योगायोग असा, की त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान म्हैसुराच्या अगदी शेजारी लिहिले गेले.

म्हैसुराहून नंजनगूड, गुंडलुपेट आणि बंडीपूरचे अरण्य ओलांडून जी वाट उदकमंडलास चढते, ती आम्हां नोकरदारांच्या चांगल्या परिचयाची आहे. पाहुणे आले, की त्यांना निलगिरी दाखविणे हे येथील मराठी घरांचे एक ठरलेले कर्तव्यच होऊन बसले आहे. त्या डोंगरांत व त्यांच्या पायथ्याशी इरुळ, कुरुंब, पणियन अशा जमाती राहतात. १९५२ साली हर्मन लेहमन व मारी कटबुश यांनी या लोकांचे रक्त तपासले व त्यात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचा गुण मोठ्या प्रमाणात आढळतो असे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जाहीर केले. लेहमन मूळचे जर्मनीतले. हिटलरच्या राजवटीमुळे ते इंग्लंडात आले, महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात राहिले आणि नंतर युगांडातही त्यांनी काम केले. आफ्रिकेतील रक्त व हिंदुस्थानातील माणसे ही दोन्ही ज्याने पाहिली आहेत अशाच मनुष्याला हा शोध सुचावा, यात नवल नाही.

तोपर्यंत हा रक्तदोष आफ्रिकेतील व तेथून अमेरिकेत नेल्या गेलेल्या लोकांचा, फार तर भूमध्य समुद्राकाठच्या काही वस्त्यांचा समजला जात असे. त्याच १९५२ साली आसामातील चहाच्या मळ्यांवरील मजुरांतही तो आढळल्याचे डनलॉप व मजुमदार यांनी लिहिले. ते मजूर मूळचे आसामी नव्हेत. मध्य व पूर्व हिंदुस्थानातील जंगलपट्ट्यातून त्यांचे वाडवडील मळ्यांवर नेले गेले होते. (याच वर्षी मुंबईत भेंडे, देशपांडे, भाटिया प्रभृतींनी ‘बॉम्बे रक्तगट’ शोधून काढला, ही गोष्ट जाता जाता नमूद करावीशी वाटते. हिंदुस्थानच्या रक्ताच्या इतिहासात १९५२ हे साल असे सर्व बाजूंनी फळले.)

तथापि निलगिरीतील त्या शोधाकडे आज पाहिले असता एक गोष्ट मनाला लागते. लेहमन यांचा प्रश्न वेदनेचा नव्हता, वंशाचा होता. या जमातींचा अरबस्तानाशी, आफ्रिकेशी प्राचीन काळी काही संबंध होता काय, हे त्यांस पाहावयाचे होते. त्या काळच्या मानववंशशास्त्राचे एकूण वळणच तसे होते. डोक्याची लांबी, नाकाची रुंदी, रक्ताचा गट यांवरून माणसांची जुनी गावे शोधण्यात विद्वान गुंतले होते. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतले गेले. पण ‘तुमच्या हाडांत कळ येते काय, येते तर केव्हापासून, तुमच्या आईलाही येत असे काय,’ हा प्रश्न पुष्कळ वर्षांनी विचारला गेला.

हा प्रश्न ज्याला प्रथम विचारला गेला तो रोगी कोण होता, हेही सांगण्यासारखे आहे. १९०४ च्या डिसेंबरात शिकागोच्या एका इस्पितळात वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाचा एक तरुण दाखल झाला. तो दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता, सुखवस्तू घरातला होता. त्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर अर्न्स्ट आयर्न्स या उमेदवार डॉक्टरास लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली ही हकीकत प्रसिद्ध केली. लेखात रोग्याचे नाव नव्हते. वॉल्टर क्लेमंट नोएल हे नाव जगाला कळावयास पुढे कित्येक दशके जावी लागली. नोएल शिक्षण पुरे करून ग्रेनाडास परतला, दंतवैद्य म्हणून व्यवसाय करू लागला आणि १९१६ साली न्यूमोनियाने गेला. परक्या मुलखातील थंडीत, कुटुंबापासून दूर, वारंवार आजारी पडून अभ्यास पुरा करणारा हा तरुण, बाहेरगावी नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस फारसा परका वाटणार नाही.

पुढील शोध भराभर लागले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की रोग्याच्या रक्तातील हिमोग्लोबिनच निराळे असते. रेणूच्या घडणीतील दोषाने होणारा रोग अशी ही पहिलीच नोंद. त्याच वर्षी जेम्स नील यांनी वारशाचा हिशेब मांडला. आईकडून व बापाकडून असे दोन्हीकडून दोषी गुण आला तर मूल आजारी होते; एकीकडूनच आला तर ते वाहक राहते व बहुधा धडधाकट जगते. वाहक नवरा आणि वाहक बायको यांच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत आजाराची शक्यता चारांत एक असते. हा फासा प्रत्येक वेळी नव्याने पडतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नव्हे. त्यानंतर व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये तो दोष नेमका कोठे आहे हे दाखविले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लांचे दुवे असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बाकीचे १४५ दुवे जसेच्या तसे. सरकारी कागदात एका अक्षराने माणसाचा हक्क जातो हे आम्ही पाहिले आहे. येथे एका दुव्याने सबंध आयुष्याचे स्वास्थ्य जाते.

ते कसे, हे समजून घेतल्याशिवाय या वेदनेची कल्पना येणार नाही. हे सदोष हिमोग्लोबिन प्राणवायू सोडते तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या लांब कांड्या बनतात. मऊ, गोल, कोठूनही घसरत जाणारी तांबडी पेशी त्यामुळे ताठ आणि वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागास रक्त मिळेनासे होते. जेथे रक्त अडले तेथे कळ उठते. आज मांडीत, उद्या पाठीत, परवा छातीत. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात व ते रडत राहते. मोठ्या माणसाच्या खुब्याचे हाड रक्तावाचून झिजते व चालणे कठीण होते. ताप, थंडी, अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम, यांपैकी काहीही निमित्त पुरते. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही वाकडी पेशी १०-२० दिवसांतच मरते, म्हणून रक्त नेहमीच कमी. आणि अशा कळा वर्षानुवर्षे येत राहिल्या, म्हणजे मज्जासंस्थाच इतकी हळवी होते, की रक्त अडलेले नसतानाही दुखणे चालूच राहते. बाहेरून पाहणाऱ्यास यातले काहीच दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, कित्येकदा तापही नाही. समोरचा माणूस नुसता ‘दुखते’ म्हणतो.

‘दुखते’ या एका शब्दावर आमची भाषा थांबत नाही, ही तिची थोरवी आहे. ठणका, कळ, चमक, उसण, शूळ, पेटका, सल, शिणक. हुळहुळणे आणि चुरचुरणे निराळे. १९७५ साली कॅनडात रोनाल्ड मेलझॅक यांनी रोग्याला वेदना सांगता यावी म्हणून ७८ शब्दांची एक प्रश्नावली केली. मराठी घरातील एखाद्या आजीने ती सहज भरून काढली असती. घाना देशातील लोकांनी या सिकलसेलच्या दुखण्यास फार पूर्वीच नावे दिली होती. एखादे जनावर हाड चघळत राहावे तसा भास ज्यांच्या उच्चारानेच व्हावा, अशी ती पुनरुक्तीची नावे आहेत. म्हणजे शिकागोच्या डॉक्टरांस रोग दिसण्याआधी कितीतरी पिढ्या आफ्रिकेतील आयांस तो कानाने ठाऊक होता. घानाचेच डॉक्टर फेलिक्स कोनोटे-आहुलू यांनी स्वतःच्या घराण्यात या आजाराचा माग काढीत तो १६७० पर्यंत नेला, नऊ पिढ्यांचा. ज्या वर्षी तानाजीने सिंहगड घेतला त्या वर्षापर्यंत मागे जाणारी वेदनेची वंशावळ! आमच्या ट्रंकेतील कागदांत लढाया आहेत, इनामे आहेत. पण त्या काळातील एकाही माणसाच्या हाडांचा वृत्तान्त नाही.

इतका घातक गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला तरी का, हा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर मलेरियात आहे. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ साली थॅलॅसेमिया या दुसऱ्या रक्तदोषाच्या संदर्भात तसे सुचविले होते. (हेच हॉल्डेन १९५७ साली कलकत्त्यास येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरास वारले.) सिकलसेलच्या बाबतीत अँथनी अॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील पुराव्याने हा संबंध दाखवून दिला: ज्याच्याजवळ एकच दोषी गुण आहे त्या वाहकाला मारक मलेरिया सहसा नेत नाही. म्हणजे डासांच्या मुलखात वाहक तगतो आणि त्याने तगावे याची किंमत, दोन्हीकडून गुण मिळालेले भावंड आपल्या हाडांनी भरते.

हे कळले म्हणजे नकाशा आपोआप बोलू लागतो. वायनाड आणि हेग्गडदेवनकोट्याची अरण्ये, बिळिगिरीरंगाचे डोंगर, मध्य प्रदेशातील जंगले, सातपुडा, गडचिरोली. जेथे जेथे हिवतापाने बाहेरच्या माणसाला राहू दिले नाही, तेथे तेथे हा गुण आढळतो. वायनाडच्या तापाची धास्ती तर एके काळी सबंध दक्षिणेत होती. म्हैसूर संस्थानाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस रॉकफेलर फौंडेशनच्या साहाय्याने मलेरियाविरुद्ध काम सुरू केले. १९५३ साली देशाचा मलेरिया नियंत्रण कार्यक्रम व १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. डी.डी.टी.च्या फवारणीने डास हटले. रक्तातील गुण मात्र जागचा हलला नाही. शत्रू निघून गेल्यावरही गढीवर पहारा चालू राहावा आणि पहारेकऱ्यांच्या पोटगीने घर बुडावे, तसा हा प्रकार झाला.

लेहमन ज्याचा शोध घेत होते त्या आफ्रिकेच्या नात्याचे काय झाले, हे वाचक विचारतील. १९८६ साली कुलोझिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणाच्या आजूबाजूचा डी.एन.ए. तपासून असे मत मांडले, की आशियातील सिकलसेल हा आफ्रिकेतून आलेला नसून तो स्वतंत्रपणे उत्पन्न झाला असावा. अरबस्तान व हिंदुस्थान मात्र त्यात एकत्र येतात. २०१८ साली श्रायनर व रोटिमी यांनी सबंध जनुकसंचाच्या आधारे, सुमारे ७३०० वर्षांपूर्वी आफ्रिकेत एकदाच हा बदल झाला, असे प्रतिपादन करून वाद पुन्हा उकरून काढला. आमच्या मते हा वाद विद्वानांनी सावकाश चालवावा. रोग्याच्या दृष्टीने दुसरीच एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हिंदुस्थानी रोग्यांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकून राहते आणि ते पेशी वाकू देत नाही. त्यामुळे ‘हिंदुस्थानातील सिकलसेल सौम्य असतो’ असे एक मत दीर्घकाळ रूढ होते. ते अर्धसत्य होते, आणि अर्धसत्याने विदर्भाचे पुष्कळ नुकसान झाले.

विदर्भाची हकीकत नागपुरापासून सुरू होते. १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’ मध्ये मध्य हिंदुस्थानातील सिकलसेलविषयी लिहिले. त्याच वर्षी परांडे यांच्यासह त्यांचा दुसरा लेख अमेरिकेतील ‘ब्लड’ या नियतकालिकात आला. निलगिरीतील शोध अरण्यातील जमातींचा होता. नागपूरकरांनी दाखविले ते शहरात, गिरण्यांत, कचेऱ्यांत वावरणाऱ्या समाजांतही हा आजार आहे हे. महार समाजात, कुणबी व तेली समाजांच्या काही घरांत, गोंड, माडिया, भिल्ल, पावरा यांच्यात. म्हणजे पूर्वेकडील गडचिरोलीपासून पश्चिमेकडील नंदुरबारपर्यंत. सातपुड्यातील वाड्यापाड्यांत पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी जन्मभर या आजाराचे काम केले. त्यांस २०१९ साली पद्मश्री मिळाली.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या आरंभीच्या काळात आम्ही काही वर्षे चंद्रपूर जिल्ह्यातील एका कचेरीत होतो. तेथे एक शिपाई होता. वय पंचविशीचे, डोळे किंचित पिवळे, बोलणे मोजके. दर दीड-दोन महिन्यांनी त्याचा अर्ज येई: अंग दुखत असल्याने चार दिवसांची रजा मिळावी. उन्हाळ्यात अर्ज वाढत. रजेवरून परत आला म्हणजे तो चांगला हिंडताफिरता दिसे. आमच्या त्या वेळच्या बुद्धीला यातून एकच निष्कर्ष सुचला आणि आम्ही त्यास ज्ञापन दिले. वारंवार विनाकारण गैरहजर राहण्याबद्दल खुलासा मागितला. त्याने एका ओळीचा खुलासा दिला: साहेब, दुखते. आम्ही ती रजा बिनपगारी केली. त्याचा धाकटा भाऊ लहानपणीच गेला होता व आईसही ‘वाताचा’ त्रास होता, हे कचेरीतील इतरांस ठाऊक होते. आम्ही विचारले नव्हते. पुढे आमची बदली झाली. कित्येक वर्षांनी दुसऱ्याच गावी एका डॉक्टर स्नेह्याने सिकलसेलच्या रोग्याचे वर्णन केले, तेव्हा तो शिपाई आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्याची रक्ततपासणी झाली होती की नाही, हे आम्हांस आजही माहीत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, ही बातमी वाचताना आम्हांस त्या ज्ञापनाचा जावक क्रमांक आठवला.

वेदनेचा वारसा एकाच प्रकारचा असतो असे मात्र समजू नये. जुन्या म्हैसूर राज्याच्या दुसऱ्या टोकास, मलनाडात, शिवमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात हंदीगोडू नावाचे खेडे आहे. हा तालुका मराठी वाचकास इतिहासातून परिचित आहे. जिंजीकडे निघालेल्या राजाराम महाराजांना १६८९ साली आसरा देणाऱ्या राणी चेन्नम्मेचे केळदी याच तालुक्यात. या हंदीगोडूत १९७४-७५ च्या सुमारास भाताच्या शेतांत राबणाऱ्या चलवादी व चन्नंगी या दलित समाजांतील काही कुटुंबांत एक विलक्षण आजार नजरेस आला. खुबे व गुडघे दुखू लागत, सांधे झिजत, काहींची उंची खुंटे; आजार वाढलेली माणसे हातापायांवर रांगत चालत. पहिला संशय गेला तो खेकड्यांवर. भाताच्या नव्या वाणांबरोबर शेतात कीटकनाशके आली होती आणि ही गरीब माणसे त्याच शेतातील खेकडे खात असत. तर्क सयुक्तिक होता, काळाशीही जुळत होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील भट व कृष्णमाचारी यांनी १९७७ साली त्यावर जो लेख लिहिला, त्यात मात्र त्यांनी या आजारास ‘मलनाडचा कौटुंबिक संधिवात’ अशा अर्थाचे नाव दिले. कुटुंबांच्या वंशावळी जुळविल्यावर चित्र स्पष्ट झाले. हा वारसा प्रभावी जातीचा आहे. आईबापांपैकी एकास आजार असला तरी प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी. खेकडे निर्दोष ठरले.

या प्रकरणात ‘नात्यात लग्ने करतात म्हणून असे होते’ हा शेरा पुष्कळांनी मारला, अजूनही मारतात. त्याचा समाचार घेतला पाहिजे. मामा-भाचीचे लग्न कर्नाटकात चालते, आते-मामे भावंडांचे आमच्याकडेही चालते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात या नातेव्यवस्थेचे जे विवेचन केले आहे ते मुळातून वाचावे. परंतु प्रभावी वारशाला नात्यातील लग्नाची गरजच नसते. एकाच बाजूने गुण आला की पुरे. सिकलसेलसारख्या, दोन्हीकडून गुण लागणाऱ्या आजारात नात्यातील लग्नाने धोका वाढतो खरा. पण जेथे समाजात वाहकच पुष्कळ, तेथे दूरच्या गावची अनोळखी मुलगी केली तरी जातीतल्या जातीत तो धोका राहतोच. शेरा मारणाऱ्यास असे वाटते, की आपण शास्त्र सांगतो. वास्तविक तो रोग्यालाच अपराधी ठरवीत असतो.

उलट बाजूही आहे. सबंध घरच्या घर, सबंध गावच्या गाव वाकलेले दिसले म्हणजे वारसाच असला पाहिजे असेही नाही. नेल्लोर जिल्ह्यातील काही खेड्यांत माणसांचे कणे ताठरत, सांधे आखडत. १९३७ साली शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की दोष विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइडचा आहे. घराण्याचे रक्त एक असते तसे पाणीही एकच असते. वारसा कोणता, हे नुसते पाहून कळत नाही. हंदीगोडूसारखाच एक सांध्यांचा आजार दक्षिण आफ्रिकेत, झुलूंच्या मुलखातील म्सेलेनी येथे १९७० च्या सुमारास नोंदला गेला होता, आणि हे दोन आजार एकच असतील काय, असा प्रश्न १९९७ साली लखनौ व दक्षिण आफ्रिका येथील डॉक्टरांनी मिळून विचारला. समुद्राच्या दोन बाजूंस, एकमेकांचे नावही न ऐकलेली माणसे एकाच तऱ्हेने लंगडत होती.

आता आम्हां सर्वसामान्यांच्या अंगदुखीकडे. सांधे ठीक, रक्त ठीक, तपासण्या ठीक, आणि तरीही मानेपासून पोटरीपर्यंत सर्वत्र दुखते, झोप ताजी करीत नाही, अशी तक्रार करणारी माणसे, विशेषतः बायका, प्रत्येक घरात असतात. विल्यम गॉवर्स यांनी १९०४ साली अशा दुखण्यास फायब्रोसायटिस हे नाव दिले. १९७६ पासून फायब्रोमायाल्जिया हे नाव रूढ झाले आणि १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांनी त्याच्या खुणा ठरविल्या. येथे एक दुवा, एक दोष असे काही नाही. २००४ सालच्या एका पाहणीत अशा रोग्यांच्या सख्ख्या नातलगांस हाच आजार असण्याचे प्रमाण, दुसऱ्या संधिवाताच्या रोग्यांच्या नातलगांशी ताडून पाहता, साडेआठ पट निघाले. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून वारशाचा वाटा सुमारे निम्मा धरला जातो. उरलेला निम्मा आयुष्याचा: आजारपणे, अपघात, श्रम, दुःखे. ‘बाईसाहेबांना काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणाऱ्या गृहस्थांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ घरांतील वाद थांबतील.

उपायांच्या बाबतीत सिकलसेलचा इतिहास तुलनेने आशादायक आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात हे १९९५ साली अमेरिकेत सिद्ध झाले. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर दाबून टाकणारा जनुक २००८ साली कळला. तोच दाब काढून घेणाऱ्या जनुकोपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत एका रोग्यास २२ लक्ष डॉलर आहे. हेग्गडदेवनकोट्याच्या जेनू कुरुबाने तिचा काय अर्थ लावावा, हे आम्हांस सांगता येत नाही. आमच्या सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत आजार हटवावयाचा, असा तिचा संकल्प आहे. आता लग्नाआधी मुलामुलींचे रक्त जुळवून पाहावे असे सांगितले जाते. सल्ला योग्य आहे. पण पत्रिकेतील मंगळाने मुली कशा अडून राहतात हे ज्याने पाहिले आहे, त्यास या नव्या पत्रिकेचीही थोडी भीती वाटल्यावाचून राहत नाही. वाहक असणे हा आजार नव्हे, हे गावोगावी सांगितले गेले नाही तर तपासणीचा कागदच कलंक होऊन बसेल.

म्हैसूरच्या परिसरात हे काम सरकारी मोहिमेच्या पुष्कळ आधीपासून चालू आहे. बिळिगिरीरंगाच्या डोंगरांत डॉ. एच. सुदर्शन यांनी १९८१ साली स्थापन केलेल्या विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्राने सोलिगांची, तर हेग्गडदेवनकोट्याच्या बाजूस १९८४ साली सुरू झालेल्या स्वामी विवेकानंद युवक चळवळीच्या डॉक्टरांनी तेथील वनवासींची सेवा आरंभिली. अशा कामात प्रत्येक कुटुंबाची वंशावळ काढावी लागते. ती काढण्याची जगभर एकच रीत आहे: पुरुषास चौकोन, स्त्रीस वर्तुळ, आजारी असेल तर आकृती काळी भरावयाची, मृत असेल तर तिच्यावरून तिरकी रेघ. जन्मून तीन दिवसांत गेलेल्या मुलीलाही या कागदावर तिचे वर्तुळ मिळते.

गेल्या महिन्यात आम्ही ट्रंकेतील कागद काढला आणि त्याची अशी एक प्रत करावयास बसलो. चौकोन भराभर पडले. वर्तुळांपाशी अडलो. शेवटी सांगलीस आत्याबाईंना फोन केला. त्यांचे वय ८९. त्यांनी तासाभरात अकरा बायकांची नावे सांगितली, त्यांतील सात आम्ही पूर्वी कधी ऐकलेली नव्हती. कोणाचे गुडघे चाळिशीतच गेले, कोण रात्री पाय चेपून घेतल्याशिवाय झोपत नसे, कोणास ‘आळशी’ म्हणून माहेरी पाठविले होते, हे त्यांस पाठ होते. ‘हे सगळे लिहून घेतोस कशाला?’ त्यांनी मध्येच विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या जावेचे नाव सांगितले.